टेलचं वावर

गिरणेच्या कालव्यावरच्या गावात एखाद्या शेतकऱ्याला विचारा, तुमची जमीन कुठे आहे? गट नंबर सांगण्याआधी तो बहुतेक वेळा एक इंग्रजी शब्द सांगेल. ‘आमनं वावर टेलले शे.’ अहिराणीच्या या वाक्यात ‘टेल’ इतका मुरून बसला आहे की तो बाहेरून आला हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा हेड म्हणते, टेल म्हणते, आउटलेट म्हणते, मायनर म्हणते. आणि ‘टेल’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. पाणी उशिरा येणार, कमी येणार, आणि एखाद्या साली येणारच नाही.

पुढच्या पानांचा विषय हा शब्द आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत पाण्याच्या खालच्या टोकाला असणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यांनी सांगितलेलं आहे, आणि त्यांचं म्हणणं मी इथे आधीच सांगून टाकणार नाही. शब्दाचा तांत्रिक अर्थ काय, लोकांनी त्यात काय काय भरलं, आणि तो शब्द येण्याआधी या मुलखात खालच्या शेतकऱ्याची सोय कशी लावलेली होती, एवढंच मला लिहायचं आहे. त्यातलं माझं मत सुरुवातीलाच नोंदवतो. कालवा कुठेतरी संपणारच. पाणी उताराने जातं, त्याला इलाज नाही. पण तो शेवट पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराच्या वाट्याला यावा, असं उतार सांगत नाही. ते आपण ठरवलेलं असतं. खानदेशात ते वेगळ्या तऱ्हेने ठरवलं गेलं होतं आणि ते काही शतकं चाललं, म्हणून हा विषय इथल्या लोकांनी मांडावा हे मला योग्य वाटतं.

इंग्रजीतून खालच्या जागेचे इतरही शब्द खानदेशात आले. कचेऱ्यांमधून असिस्टंट आणि ज्युनिअर आले, ते कचेरीतच राहिले. रेल्वेने ‘डाऊन’ आणला. मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाऊन, मुंबईकडे येणारी अप. या हिशेबाने भुसावळ हे मुंबईच्या खाली पडलं, पण भुसावळकरांनी तो अर्थ कधी मनावर घेतला नाही. रोज जळगाव-भुसावळ नोकरीला जाणाऱ्यांनी ‘अपडाऊन करणं’ असं धडधाकट क्रियापद केलं, आणि त्यात वरचं-खालचं काही उरलं नाही. पाटबंधारे खात्याने ‘लोअर’ आणला आणि त्याचं मराठी ‘निम्न’ केलं. अमळनेर तालुक्यात पाडळसे इथे होणारं धरण कागदोपत्री निम्न तापी प्रकल्प आहे, साक्री तालुक्यातलं अक्कलपाडा हे निम्न पांझरा आहे, तर भुसावळजवळचं हतनूर हे ऊर्ध्व तापी. ब्रिटिश काळातल्या अहवालांतही पांझरेवरच्या कामांचं नाव ‘लोअर पांझरा’ असंच आढळतं. ही नावं नदीच्या उतारावरून पडली, त्यांत कोणाची पायरी ठरत नाही. लोक मात्र ती वापरत नाहीत. पाडळसे, अक्कलपाडा, हतनूर असंच म्हणतात. ‘लोअर’ फाइलीत राहिला, ‘डाऊन’ स्टेशनात सुधारला, आणि ‘टेल’ मात्र वावरात गेला आणि माणसाला चिकटला. असं का झालं, ते समजून घ्यायला कालव्याची रचना पाहावी लागते.

इंजिनिअरला टेल म्हणजे फक्त अंतर. कालव्याची किंवा वितरिकेची लांबी घ्यायची आणि तिचे तीन भाग पाडायचे. सुरुवातीचा हेड, मधला मिडल, शेवटचा टेल. सरकारी मराठीत त्यांना शीर्ष, मध्य आणि पुच्छ म्हणतात. ‘पुच्छ’ हा शब्द कागदाबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. कालवा धरणापाशी रुंद असतो आणि पुढे अरुंद होत जातो, कारण वाटेतलं प्रत्येक आउटलेट आपला वाटा काढून घेणार हे धरूनच त्याची रुंदी आणि खोली ठरवलेली असते. सगळ्यांनी ठरल्याएवढंच घेतलं तर शेवटच्या चारीला तिच्यापुरतं पाणी पोचतं. प्रत्यक्षात कालवा पूर्ण भरून क्वचितच वाहतो. मातीच्या तळातून पाणी झिरपतं, अस्तराला भेगा पडतात, काठाला झुडपं माजतात. गाळ बसतो, आणि तो जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे बसतो, म्हणजे पुष्कळदा शेवटाकडेच. वरच्या आउटलेटपाशी पाण्याची पातळी उंच असते, म्हणून तेवढ्याच दारातून तिथे पाणी अधिक जोराने निघतं.

यात सगळ्यात मोठी गोष्ट अशी की कालव्यातली तूट लाभक्षेत्रावर सारखी पसरत नाही. समजा, पाच भागांतला एक भाग पाणी कमी आलं. तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा कमी मिळतो, असं घडत नाही. वरच्यांचं पुरतं भागतं आणि सगळीच्या सगळी तूट खाली जाऊन साचते. कोणी चोरी केली नाही, कोणी दार फोडलं नाही, तरीही असं होतं. मग त्यावर चोरी येते. रात्री दार उचलणं, कालव्यात नळी टाकणं, काठाला पंप लावणं, हे सगळं त्या मूळच्या तुटीवर चढत जातं. टेलचा शेतकरी संतापाने वरच्या माणसाला शिव्या घालतो तेव्हा त्याच्या रागाचा अर्धा भाग खरं तर कालव्याच्या आखणीवर असायला हवा.

गिरणा प्रकल्प यासाठी पाहण्यासारखा आहे. 1969 साली पूर्ण झालेलं हे धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात आहे. त्याच्या पाण्यावर मोठा भरवसा मात्र जळगाव जिल्ह्याचा. पांझण डावा, जामदा डावा, जामदा उजवा आणि निम्न गिरणा असे त्याचे कालवे. जामद्याचा बंधारा आणि त्याचे कालवे धरणाहून कितीतरी जुने, एकोणिसाव्या शतकातले. धरणातून सोडलेलं पाणी तिथपर्यंत नदीच्या पात्रातूनच येतं. म्हणजे कालवा सुरू होण्याआधीच वाळूने आणि काठच्या पंपांनी आपला हात मारलेला असतो. त्यात चाळीसगाव, भडगाव, पाचोरा यांसारख्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचाही विचार करावा लागतो, आणि तो आधी करावा लागतो, ते बरोबरच आहे. धरण कमी भरलेल्या साली शेतीची किती आवर्तनं मिळणार यावर हिवाळा सुरू व्हायच्या आधी बैठका होतात. त्या बैठकीत आवर्तनांची संख्या ठरते. त्यांतलं कितवं आवर्तन टेलपर्यंत पोचेल, हे ठरत नाही.

इथून ‘टेल’चा दुसरा अर्थ सुरू होतो. अंतराचा शब्द वेळेचा होतो, आणि वेळेचा शब्द भरवशाचा होतो. हेडचा शेतकरी पाणी धरून पीक निवडतो. टेलचा शेतकरी पाणी येणार नाही असं धरून पीक निवडतो, आणि पाणी आलंच तर ते वरकड. नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा की नाही यावरही तो विचार करतो, कारण पाणी न मिळता पाणीपट्टीची बाकी अंगावर चढलेली माणसं त्याने पाहिलेली असतात. अर्ज कमी आले की खात्याच्या कागदावर टेलची मागणी कमी दिसते, आणि मागणी नाही म्हणून पुढच्या वेळी पाणी आणखी वर थांबतं. जमिनीचा सौदा होतो तेव्हा हेड की टेल हे मातीच्या प्रतीइतकंच तोलून पाहिलं जातं. एकाच शिवारात, एकाच काळ्या मातीत, एकाच नांगराखाली असलेल्या दोन तुकड्यांची किंमत एका शब्दाने वेगळी होते.

हेडला असणंही नेहमी सुखाचं नसतं, हे इथे सांगायला हवं. भरपूर पाणी मिळतं म्हणून वर्षानुवर्षं पाट फोडून बारे दिलेली काळी जमीन चिबडते, क्षार वर येतात, आणि एक दिवस ती चोपण होऊन बसते. वर चिबड आणि खाली कोरड, असं चित्र महाराष्ट्रातल्या अनेक कालव्यांवर दिसतं. वरच्याचं नुकसान आणि खालच्याचं नुकसान एकाच पाण्याने होतं. पाणी नीट वाटलं असतं तर दोघेही वाचले असते.

आता पांझरेकडे येतो, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातून निघते, धुळे शहरातून जाते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. या नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून फड पद्धत चालत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा. त्याच्या एका अंगाने कालवा काढायचा, साधारण दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी वावरात. जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. एकामागून एक बंधारे असल्यामुळे वरच्या बंधाऱ्याखालच्या जमिनीत जिरलेलं पाणी पाझरून पुन्हा पात्रात येई आणि खालच्या बंधाऱ्याला मिळे. हे बांधकाम सुंदर आहे, पण फडाचं खरं कर्तृत्व दगडात नाही.

बंधाऱ्याखालच्या कायम बागायतीचे साधारण चार भाग करत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणायचं. एक फड 10 हेक्टरचा असे, तसा 200 हेक्टरचाही असे. सरासरी 100 ते 125 हेक्टर. एका फडात त्या वर्षी एकच पीक. एका-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, एखादा पडीत. कुठल्या फडात काय घ्यायचं आणि कुठला फड पडीत ठेवायचा, हे गाव बसून ठरवी. आता मुख्य गोष्ट. खातेदाराची जमीन एकाच फडात एकगठ्ठा नसे, ती निरनिराळ्या फडांत तुकड्यांनी विखुरलेली असे. एका फडात त्याचा तुकडा कालव्यालगत, तर दुसऱ्यात पार खाली. साल वाईट आलं, नदीला पाणी कमी, तर सगळ्या फडांना थोडं थोडं देऊन सगळ्यांची पिकं करपवायची नाहीत. एक अख्खा फड कोरडा ठेवायचा आणि उरलेले नीट भिजवायचे. कोरड्या ठेवलेल्या फडात प्रत्येकाची थोडी थोडी जमीन असल्याने तूट प्रत्येकाच्या वाट्याला येई.

कालव्यावर सगळी तूट खाली साचते, असं मघाशी म्हटलं. फडात ती साचायला जागाच ठेवलेली नव्हती. शेवटचा सारंग तिथेही होता. त्या सारंगावरचं वावर तिथेही होतं. पण तिथे टेलचा शेतकरी नव्हता. शेवट जमिनीला होता, माणसाला नव्हता. आज तुकडेबंदीच्या, एकत्रीकरणाच्या भाषेत विखुरलेली जमीन म्हणजे मागासलेपणा वाटतो. पांझराकाठी मात्र त्या विखुरण्यामुळेच पाण्याचा न्याय होत होता.

हे आपोआप चालत नव्हतं. पाणी वावरावावरात देणारा पाटकरी असे. पाटकऱ्यांवर देखरेख करणारा हवालदार असे, पीक राखणारा जागल्या असे. त्यांना मोबदला बहुतेक धान्यात, सुगीच्या वेळी मिळे. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने सारंग फोडून पाणी घ्यायचं नाही. पाणी पाटकरीच देणार. पाटकरी सरकारचा नव्हता, गावाने ठेवलेला होता. त्याचं धान्य गावातल्या खळ्यांवरून येत असल्याने खालच्या वावराला पाणी पोचलं नाही तर त्याला गावालाच तोंड द्यावं लागे. कालव्याची साफसफाई, बंधाऱ्याची डागडुजी ही सगळ्यांनी मिळून करायची कामं.

1884 साली मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झालेला एक तरुण इंजिनिअर नोकरीच्या सुरुवातीच्या काळात या मुलखात आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पांझरेच्या खोऱ्यात, साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ, पाणी नळातून पलीकडे नेणारं सायफन त्यांनी बांधलं. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. लाभक्षेत्राचे गट पाडायचे, गटात ऊस आणि इतर पिकं यांची पाळी ठरवायची. पांझरेवरचे फड डोळ्यांसमोर असलेल्या माणसाने ती सुचवावी, हे साम्य मला मोठं वाटतं. फरकही मोठा आहे. ब्लॉक खात्याने पाडायचा आणि मंजूर करायचा होता. फड गावाने पाडलेला होता.

फडाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवली तर या पुस्तकातल्या अर्ध्या माणसांशी अप्रामाणिकपणा होईल. फड ज्याची जमीन होती त्याच्यासाठी समान होता. ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता. त्याला मजुरी होती, राखणदारी होती, सुगीला पायलीभर धान्य होतं. खालचा तुकडा आणि वरचा तुकडा एकाच्या नावावर असू शकतात. पण ज्याला तुकडाच नाही त्याची पाळी कुठल्याच साली येत नाही. खानदेशातल्या भिल्ल वस्त्या आणि गावकुसाबाहेरची घरं यांनी फडाचे बंधारे उचलले असतील, दुरुस्त केले असतील, पण फडाच्या बैठकीत ती नव्हती.

आणि आजच्या कालव्यावरही तेच आहे. टेलला पाणी पोचतं ते पुष्कळदा रात्री. दिवसा वरचे घेतात आणि रात्री, वरच्यांना झोप लागल्यावर, उरलेलं खाली सरकतं. विहिरीवरच्या पंपाची वीजही पुष्कळ ठिकाणी आठवड्यात दिवस-रात्र अशी आलटून पालटून मिळते. त्या रात्रीच्या पाण्याला बांधावर उभा राहतो तो बहुतेक वेळा मालक नसतो, सालदार असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं, वर्षभराचा पैसा ठरतो, आणि पौषातल्या थंडीत गुडघाभर चिखलात बारे देणं त्यातच येतं. विंचू-सापाची भीती त्याच्या पायांना असते. टेलचा शेतकरी खाली आहे हे खरंच. पण त्याच्याही खाली एक माणूस उभा आहे, आणि पाणी प्रत्यक्ष वळवतो तो तोच. पुढच्या पानांत सालदारांचं बोलणं आलं आहे, ते वाचकाने सावकाश वाचावं असं मला वाटतं.

पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवता येतो, हे महाराष्ट्रात एकदा करून दाखवलं गेलं आहे. पुरंदर तालुक्यात नायगावला 1970च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाणी एकरावर न देता घरातल्या माणसांवर दिलं जाई, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. भूमिहीनालाही हक्क होता. उसाला पाणी नव्हतं. फडाने जे सोडवलं नव्हतं ते तिथे सोडवलं गेलं. तूट सगळ्यांत वाटणं आणि भूमिहीनालाही हक्क देणं, या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणण्याचं काम माझ्या माहितीत अजून कोणी केलेलं नाही, आणि ते खानदेशात व्हावं अशी माझी तीव्र इच्छा आहे.

फड का ढासळला याची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वत्र सारखीच आहे. वरच्या अंगाला धरणं झाली, लाटीपाडा, मालनगाव, जामखेली. नदीचा बारमाही झरा उरला नाही. विहिरी खोल गेल्या, पंप आले, आणि ज्याच्याजवळ पंप त्याला बैठकीत बसायची गरज राहिली नाही. वाटण्या होऊन तुकडे इतके लहान झाले की चारही फडांत जमीन असलेली घरं कमी झाली. काही गावांत फड अजून तग धरून आहे. जिथे नाही, तिथेही म्हाताऱ्या माणसांना कुठल्या फडात आपल्या घरचा कोणता तुकडा होता हे आठवतं.

सरकारी व्यवस्थेला टेलची काळजी नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. महाराष्ट्रातल्या कालव्यांवर चालणाऱ्या शेजपाळीचा नियमच असा की पाणी द्यायला शेवटापासून सुरुवात करायची आणि वर येत जायचं. त्यालाच आता ‘टेल टू हेड’ म्हणतात, आणि प्रत्येक आवर्तनाच्या बातमीत हे तीन शब्द असतात. नियम चांगला आहे. तो पाळला जात नाही याचं कारण तो काय मागतो हे पाहिलं की कळतं. तो वरच्या शेतकऱ्याला सांगतो की तुझ्या बांधाला लागून भरलेला कालवा आठ-दहा दिवस वाहत राहील, तुझा गहू समोर सुकत असेल, आणि तू हात लावायचा नाहीस, कारण तुझी पाळी येईल. पाळी खरंच येते अशी त्याची खात्री असती तर तो थांबला असता. मागच्या साली मध्येच कालवा बंद झाला आणि पाळी आली नाही, हे त्याने पाहिलेलं असतं. मग तो थांबत नाही. कालवा निरीक्षकाच्या हाती किलोमीटरच्या किलोमीटर लांबी असते, सोबतीला मोजकी माणसं. फडाच्या पाटकऱ्याला गाव ओळखत होतं. इथे टेलचं गाव आणि हेडचं गाव एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

म्हणून ओझरचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. ते खानदेशाला लागूनच, नाशिक जिल्ह्यातलं आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर हे टेलचं गाव. पाणी पोचत नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं. पाणी वापर संस्था झाल्या, आणि त्यांनी खात्याकडून पाणी मोजून, घनमापन पद्धतीने घेतलं. मोजून मागितल्यावर ‘सोडलं होतं, पोचलं नाही’ हे उत्तर चालेनासं झालं. पुढे वरच्या गावांतही संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संघाकडे आलं. सुरुवात शेवटच्या गावाने केली, आणि ते स्वाभाविक होतं. हेडच्या माणसाला व्यवस्था बदलायची निकड नसते.

2005 साली महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आला. त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळावर हेड, मिडल आणि टेल या तिन्ही भागांना सारख्या जागा आहेत, आणि स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत. नकाशावरचा एक शब्द कायद्याने खुर्चीवर बसवला. ही मोठी गोष्ट झाली, आणि मी ती कमी लेखणार नाही. पण अनेक ठिकाणी संस्था कागदावर आहेत, मोजणीची यंत्रं बसवली त्यांतली बरीच बंद पडली, आणि टेलच्या जागेवर निवडून आलेल्या बाईच्या ऐवजी सभेला तिच्या घरचा पुरुष येतो. टेलच्या जागेवर टेलचा माणूस असणं ही सुरुवात आहे. पाण्याचं माप त्याच्या हाती नसेल तर त्या खुर्चीवरून तो नुसतं ऐकतो.

आणखी एका टोकाचा उल्लेख करायला हवा. तापी मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. त्या हिशेबाने जळगाव-धुळे वर आहेत आणि सुरत टेलला. तरीही तापीचं पाणी खानदेशातून पुढे जातं आणि उकाईच्या धरणात साठतं, कारण तापी इथे उंच काठांमधून खोल वाहते. तिच्या काठावरचं वावर पाण्याच्या कितीतरी वर असतं. वर असून पाणी नाही, अशी खानदेशाची ही दुसरी अडचण. उपसून घेतल्याशिवाय तापी हाती लागत नाही, आणि उपशाला वीज लागते, पैसा लागतो. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे नदीत बॅरेज बांधून पाणी अडवलं, पण अडवलेलं पाणी वावरापर्यंत चढवणं हे वेगळंच काम ठरलं.

पाडळसे हा त्यातला पुढचा अध्याय आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या निम्न तापी प्रकल्पाची वाट अमळनेर, चोपडा, पारोळा, धरणगाव आणि पलीकडे शिंदखेडा, धुळे या तालुक्यांनी पाव शतक पाहिली आहे. तिथलं पाणी उताराच्या कालव्याने जाणार नाही, उपसा करून वर न्यावं लागणार. अलीकडे उघड्या कालव्यांऐवजी जमिनीखालून बंद नळ टाकण्याकडे खात्याचा कल आहे, आणि त्यात झिरपणं, गाळ, काठची झुडपं हे सगळं वाचेल, हे खरं. पण नळालाही शेवट असतो. लांबी वाढते तसा दाब कमी होतो. आणि उघड्या कालव्यात निदान वरच्याने किती घेतलं ते डोळ्यांनी दिसतं; बंद नळात व्हॉल्व्ह कोणी किती फिरवला ते खालच्याला दिसत नाही.

या तालुक्यांतल्या पुष्कळ गावांत अजून कोणी हेडचा नाही आणि कोणी टेलचा नाही, कारण पाणीच आलेलं नाही. नळाची आखणी होईल, गावात मोजणीची माणसं येतील, कुठल्या गटातून नळ जातो आणि कुठे संपतो हे कागदावर उमटेल. त्या वेळी विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. पाणी कमी असलेल्या साली कपात कोणाची, आणि ती सगळ्यांत वाटली जाणार की शेवटच्या व्हॉल्व्हवर जाऊन थांबणार. शेवटच्या व्हॉल्व्हपाशी मोजणीचं यंत्र बसणार का, आणि त्याचा आकडा कोण लिहिणार. रात्रीची पाळी कोणावर, आणि ती देणाऱ्या सालदाराला त्याचं काय मिळणार. जमीन नसलेल्या घरांना त्या पाण्यात काही वाटा आहे का. नळ गाडले जाण्याआधी ग्रामसभेत ही चार उत्तरं लिहून घेता येतात; गाडल्यावर खालच्या माणसाला ती मागत फिरावं लागतं, जसं गिरणेवर अजून फिरावं लागतं आहे.